स्किलेचे सहा जण

पावसाळा सरून आभाळ निवळले की आमच्या भागातील हौशी मंडळी गावाबाहेरच्या पठारावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवतात. गेल्या कार्तिकात मीही शाल पांघरून तिथल्या सतरंजीवर मान वर करून बसले होते. माहिती देणारे काका हिरव्या लेसरच्या रेषेने एकेक तारकासमूह दाखवत होते: देवयानी, शर्मिष्ठा, वृषपर्वा, ययाति. मग त्याच ताऱ्यांवर रचलेली ग्रीकांची कथा त्यांनी रंगवून सांगितली. खडकाला साखळदंडांनी जखडलेली अँड्रोमेडा, रूपाचा तोरा मिरवणारी तिची आई कॅसिओपिया, हतबल बाप सिफिअस आणि ऐन वेळी आकाशमार्गाने येऊन पोचलेला पर्सिअस. शेवटी त्यांनी ती रेषा दक्षिणेकडे वळवली, फिकट ताऱ्यांच्या एका पसरट समूहावर थांबवली आणि म्हणाले, "आणि हा तिमिंगल. अँड्रोमेडाला गिळायला आलेला समुद्रराक्षस तो हाच. पर्सिअसने त्याला मारले." माझ्या शेजारी आजीच्या मांडीवर रेललेली एक लहान मुलगी बराच वेळ गप्प होती. तिने विचारले, "समुद्रात तो एकच होता का?" काका हसले, "एवढा एक पुरे नाही का गं?" असे म्हणाले, आणि हिरवी रेषा कृत्तिकांकडे निघून गेली.

बाकीचे लोक कृत्तिका मोजू लागले. मी मात्र त्या प्रश्नापाशीच अडकून राहिले.

एकच नव्हता, हे तर उघड आहे. ग्रीकांचा समुद्र अशा प्राण्यांनी गजबजलेला आहे. पुढून घोडा आणि मागून मासा असे हिप्पोकॅम्प समुद्रदेव पॉसायडनचा रथ ओढतात, कमरेखाली मासा असलेला ट्रायटन शंख फुंकतो, आणि समुद्रातला म्हातारा देव नेरिअस याच्या मुली राक्षसी माशांच्या पाठीवर बसून अशा निवांत निघतात की जणू माहेरी चालल्या आहेत. ही शेवटची प्रतिमा ग्रीकांच्या मागोमाग इतकी दूर आली की गांधार प्रदेशात सापडलेल्या, सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या छोट्या दगडी तबकड्यांवरही ती कोरलेली दिसते. पण हे सारे शोभेचे प्राणी झाले. त्या मुलीला ते विचारायचे नव्हते. माणसे मारणाऱ्या राक्षसांची संख्या तिला हवी होती. मी मारणाऱ्यांचा विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले की त्यांची दोन कुळे आहेत आणि त्या दोन कुळांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. एक कूळ राजांचे आहे, दुसरे खलाशांचे.

राजांच्या राक्षसाचे वागणे ठरलेले असते. अँड्रोमेडाच्या कथेत कॅसिओपिया आपण नेरिअसच्या मुलींहून सुंदर आहोत अशी बढाई मारते, त्याचा राग येऊन पॉसायडन पूर आणि राक्षस पाठवतो, आणि देववाणी राजकन्येचा बळी मागते. ट्रॉयच्या कथेतही साचा तोच, फक्त गुन्हा अधिक व्यवहारातला आहे. राजा लाओमेडॉन पॉसायडनकडून नगराची तटबंदी बांधून घेतो आणि काम झाल्यावर मजुरी बुडवतो. होमरच्या इलियडमध्ये तर तो मजुरी मागणाऱ्या देवांना कान कापण्याची धमकी देतो. मग समुद्रातून राक्षस येतो, राजाची मुलगी हेसिओनी खडकावर बांधली जाते, हेराक्लिस सौदा ठरवून राक्षस मारतो, आणि लाओमेडॉन त्यालाही कबूल केलेले घोडे देत नाही. गुन्हा, शिक्षा, बळी, वीर, मोबदला असा हा चोख हिशेब आहे. राजकन्येची पाळी येण्यापूर्वी हा प्राणी मैदानातल्या साध्या माणसांना ओढून नेत होता, ही गोष्ट जुने कथाकार अर्ध्या वाक्यात उरकतात. त्या अर्ध्या वाक्यातल्या लोकांनी ना बढाई मारली होती, ना कोणाची मजुरी बुडवली होती.

बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात इसवी सनपूर्व सहाव्या शतकातले कॉरिंथचे एक मोठे मद्यपात्र आहे. त्यावर हेसिओनीचाच प्रसंग रंगवलेला आहे. मी ते छायाचित्रातच पाहिले आहे, पण एकदा पाहिल्यावर विसरता येण्याजोगे नाही. एरवी हे चित्रकार समुद्रराक्षस रंगवताना कल्ले, कंगोरे, वळसे यांची रेलचेल करतात. इथे मात्र कड्याच्या काळ्या कपारीतून एक पांढरी कवटी नुसती बाहेर आली आहे. डोळ्याची खोबण, उघडा जबडा, दात, बस्स. धड नाहीच. ग्रीकांना जमिनीत सापडणाऱ्या अश्मीभूत हाडांचा अभ्यास करणाऱ्या एड्रिएन मेयर यांनी हा राक्षस नसून कड्यातून उघडे पडलेले एखाद्या लुप्त प्राण्याचे डोके असावे, असे सुचवले आहे. सर्वांना ते पटलेले नाही. मला त्या चित्रात अधिक खिळवून ठेवते ती हेसिओनी. हेराक्लिस धनुष्य ताणून उभा आहे खरा, पण तीही दगड भिरकावते आहे. कथा सांगणाऱ्यांनी तिला खडकाला बांधून ठेवले, आणि कुंभाराच्या कारखान्यात बसलेल्या त्या अनाम चित्रकाराने तिच्या हातात दगड दिले.

हाडांवरून आठवले. लहानपणी कोकणात आजोळी असताना एका पावसाळ्याच्या शेवटी देवमासा किनाऱ्याला लागला होता. मामा आम्हा भावंडांना घेऊन निघाला तेव्हा सुरूच्या बनापाशीच वासाने पावले थांबली. तो वास नाकात न शिरता थेट घशात बसत होता. प्राणी बघायला मिळेल असे वाटले होते, पण वाळूत होता तो नुसता एक उंचवटा. काळपट, जागोजागी सोललेला, ट्रकच्या जुन्या टायरासारखा निबर. डोके कुठले आणि शेपूट कुठली ते मामाने दाखवल्यावर कळले. कोणीतरी त्याच्यापुढे नारळ ठेवून कुंकू वाहिले होते, आणि दोन हातांवर कावळे आपले काम करत होते. मला त्याची भीती वाटली नाही, दयाही आली नाही. ज्याला पाण्यात कधी पाहिलेच नाही तो असा सगळाच्या सगळा एकदम समोर पडलेला, ह्याचीच काहीशी लाज वाटली. पुढे प्लिनी या रोमन लेखकाच्या लिखाणात वाचले की अँड्रोमेडाच्या राक्षसाची म्हणून समजली जाणारी हाडे मार्कस स्कॉरस या रोमन अधिकाऱ्याने जाफाच्या किनाऱ्यावरून रोमला नेऊन लोकांना दाखवली होती. लांबी 40 फूट, फासळ्यांची उंची भारतातल्या हत्तींपेक्षा अधिक, मणका दीड फूट जाड. प्लिनी ही मापे किराणा मालाच्या निर्विकारपणे देतो. तो कोणा देवमाशाचाच सांगाडा असावा. जाफाला अँड्रोमेडाच्या साखळ्यांच्या खुणाही दाखवत असत, आणि पर्सिअसने रक्ताळलेले हात धुतले म्हणून लाल झालेला झराही. मेलेला राक्षस असा फार उपयोगी पडतो. त्याची हाडे मोजता येतात, मिरवता येतात, त्याच्या नावावर यात्रेकरू येतात.

ग्रीसमधल्या बीओशियातल्या टॅनाग्रा गावात तर असा राक्षस देवळातच ठेवला होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हिंडून बघून लिहिणाऱ्या पॉसेनिअसने तो पाहिला. मद्याचा देव डायोनिसस याच्या देवळातला हा ट्रायटन बिनडोक्याचा होता, आणि डोके का नाही याच्या गावात कथा होत्या. एका कथेप्रमाणे तो किनाऱ्यावरची गुरे पळवी आणि लहान होड्यांवर झडप घाली, तेव्हा लोकांनी मद्याने भरलेले भांडे त्याच्या वाटेवर ठेवले. तो प्यायला, वाळूतच कलंडला, आणि एका गावकऱ्याने कुऱ्हाडीने त्याची मान तोडली. पॉसेनिअसने रोममध्ये आणखी एक, आकाराने लहान ट्रायटन पाहिला होता. त्याचे वर्णन वाचताना वाटते की हा माणूस डोळे बारीक करून, वाकून, शक्य तितक्या जवळून बघतो आहे. केस दलदलीतल्या बेडकांच्या रंगाचे आणि एकमेकांपासून सुटे न होणारे, अंगावर माशाचे बारीक खवले, कानांखाली कल्ले, नाक माणसाचे, तोंड मात्र रुंद आणि दात जनावराचे, बोटे आणि नखे शिंपल्याच्या कवचासारखी. हे कोणी तरी शिवून, भरून, वाळवून केलेले काम असणार असे आज आपण सहज म्हणू. तरीही कल्ले नेमके कुठे हवेत याचा कारागिराने केलेला विचार मला कौतुकाचा वाटतो.

पण हे झाले मारलेल्यांचे कूळ. त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर होमरच्या दुसऱ्या महाकाव्याच्या, ओडिसीच्या, बाराव्या सर्गात आहे, आणि ते तिला त्या रात्री कोणी सांगितले नाही हेच बरे.

तिथे सर्सी ही जादूगार देवी ट्रॉयच्या युद्धानंतर घरी निघालेल्या ओडिसिअसला पुढचा मार्ग समजावून सांगते. एकमेकांपासून बाणाच्या टप्प्यावर दोन कडे. एकावर अंजिराचे झाड आणि त्याखाली कॅरिब्डिस, जी दिवसातून तीनदा समुद्र गिळते आणि तीनदा ओकते. दुसरा कडा इतका गुळगुळीत की वीस हात आणि वीस पाय असलेल्या माणसालाही चढता येऊ नये, आणि त्याच्या मध्यावर पश्चिमेकडे तोंड केलेली गुहा. कोणा धट्ट्याकट्ट्या जवानाने जहाजावरून सोडलेला बाणही तिथवर पोचायचा नाही. आत स्किला राहते. बारा पाय, सहा लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा. ती गुहेतून माना बाहेर काढून डॉल्फिन, शार्क, मिळेल तर आणखी मोठे काही पकडत असते. आणि तिचा आवाज? नुकत्याच जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा. होमरच्या वर्णनातले इतर सगळे तपशील भीती वाढवत नेतात आणि हा एकच भलतीकडे नेतो. त्या अंधाऱ्या कपारीतून गर्जना ऐकू आली असती तर माणसाने मन घट्ट केले असते. कुंई कुंई ऐकू आल्यावर काय करायचे असते, हे कोणत्याही युद्धात शिकवत नाहीत.

ओडिसिअस विचारतो की कॅरिब्डिसला चुकवून स्किलेशी लढता येणार नाही का. सर्सी त्याच्यावर जवळजवळ खेकसतेच. ती मर्त्य नाही, तिच्याशी लढणे नाही, तिच्यापुढे बचाव नाही, पळणे हाच मार्ग. कॅरिब्डिसपाशी सगळे जहाज जाईल, स्किलेपाशी सहा माणसे जातील, तेव्हा स्किलेच्या कड्याला धरून जा, आणि चिलखत चढवण्यात वेळ घालवलास तर ती पुन्हा माना काढून आणखी सहा नेईल. हा सल्ला वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होते, कारण तो बरोबर आहे. अंकगणित चुकलेले नाही. सहा हे सगळ्यांपेक्षा कमीच असतात. फक्त ते सहा कोण, हे अंकगणितात येत नाही.

ओडिसिअस हे ऐकतो आणि दोन गोष्टी करतो. पहिली, तो खलाशांना कॅरिब्डिसपासून दूर राहायला सांगतो पण स्किलेचे नाव काढत नाही. सांगितले असते तर ते वल्ही टाकून आत दडून बसले असते, असे तो स्वतःच नंतर म्हणतो. दुसरी, सर्सीने बजावलेले असूनही तो चिलखत चढवतो, हातात दोन भाले घेतो आणि नाळेवर जाऊन उभा राहतो. तो त्या धुरकट कड्याकडे डोळे थकेपर्यंत बघत राहतो आणि त्याला काहीही दिसत नाही. या दुसऱ्या कृतीवरून टीकाकारांनी त्याच्या वीरवृत्तीची पुष्कळ चर्चा केली आहे. मला त्यात वीरवृत्तीपेक्षा ओशाळेपणा अधिक दिसतो. ज्याला ठाऊक आहे की मागे वल्ही मारणाऱ्यांपैकी सहा जण आता जाणार, त्याला हातांना काही तरी काम हवे असते.

मग कॅरिब्डिस पाणी आत ओढते. मोठ्या जाळावरच्या कढईसारखी ती खदखदते, तुषार दोन्ही कड्यांच्या माथ्यावर पडतात, आणि पाणी खचते तेव्हा समुद्राच्या तळाची काळी वाळू दिसू लागते. सगळ्यांचे चेहरे पांढरे पडतात. सगळे तिकडेच बघत असतात, मृत्यू येणार तो तिकडूनच अशी खात्री असल्यामुळे. नेमक्या त्याच क्षणी स्किला वरून सहा जणांना उचलते. ओडिसिअस जहाजाकडे वळून बघतो तोवर त्यांचे हातपाय वर हवेत गेलेले असतात, आणि ते त्याला नावाने हाका मारत असतात. होमर इथे एका कोळ्याची उपमा देतो. खडकाच्या टोकावर उभा राहून लांब काठीने गळ टाकणारा, आणि तडफडणारा मासा हिसका देऊन काठावर फेकणारा. ती त्यांना गुहेच्या दाराशी खाते, ते हात पुढे करून ओरडत असताना. समुद्राच्या वाटा धुंडाळताना जे जे सोसले त्यात याहून केविलवाणे काही पाहिले नाही, असे ओडिसिअस म्हणतो. सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत जेवणासाठी माणसे आपटून मारलेली पाहिलेला माणूस हे बोलतो आहे.

या सर्गात स्किलेला कोणी मारत नाही. तिला का मारायचे, तेही कोणी सांगत नाही.

हीच गोष्ट नंतरच्या लोकांना पचली नसावी. होमरने तिला आई दिली आहे, क्रेटाइस नावाची, पण तिच्या रूपाला कारण दिलेले नाही. ते कारण रोमन कवी ओविडने पुरवले. त्याच्या काव्यात स्किला ही एक देखणी मुलगी आहे. मासे धरता धरता चमत्कारिक गवत खाऊन समुद्रदेव झालेला ग्लॉकस तिच्यावर भाळतो, सर्सी ग्लॉकसवर भाळते, आणि मत्सराने ती मुलगी ज्या डोहात न्हाते त्यात विष कालवते. स्किला कमरेपर्यंत पाण्यात उतरते आणि आपल्याच मांड्यांच्या जागी भुंकणारी कुत्री पाहून त्यांच्यापासून पळू लागते. प्रसंग म्हणून तो असामान्य आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे स्किला पुन्हा राजांच्या कुळात जमा होते. काही तरी झाले, म्हणून काही तरी झाले. चित्रकार आणि शिल्पकारांना तर ओविडच्या कितीतरी आधीपासून ती वर सुंदर स्त्री आणि खाली कुत्री व माशाची शेपटी अशीच आवडत आली होती. रोमच्या दक्षिणेला स्पेर्लोंगा येथे सम्राट टायबेरिअसच्या समुद्रकाठच्या गुहेत 1957 साली रस्त्याच्या कामाच्या वेळी शिल्पांचे असंख्य तुकडे सापडले. ते जुळवल्यावर जहाजावर तुटून पडलेली स्किला उभी राहिली. त्यात तिच्या प्रचंड पंजाने सुकाणूवाल्याचे केस मुठीत धरले आहेत. रोडसच्या तीन शिल्पकारांची नावे त्यावर कोरलेली आहेत. या गुहेत सम्राटाच्या पंगती झडत. पाहुणे समोरच्या पाण्याच्या कुंडातली ती झुंज न्याहाळत जेवत असतील. पुढे एका मेजवानीत छताचे दगड खरोखरच कोसळले आणि काही नोकर चिरडले गेले, असे इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे.

स्किला राहत होती कुठे, याबद्दल जुन्यांचे पुष्कळसे एकमत होते. इटलीच्या टाचेकडून नव्हे, बोटांकडून सिसिलीकडे बघितले की मेसिनाची सामुद्रधुनी लागते. सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम 3 किलोमीटर रुंद आहे. थ्युसिडिडीस युद्धाचा इतिहास लिहिताना सहज सांगून जातो की ओडिसिअस ज्या कॅरिब्डिसमधून गेला म्हणतात ती हीच. इरॅटॉस्थेनिस या ग्रीक भूगोलतज्ज्ञाला मात्र असले भूगोल मान्य नव्हते. ओडिसीतली ती वारे कोंडलेली पिशवी शिवणारा चांभार सापडेल तेव्हा ओडिसिअसची वाटही सापडेल, असा त्याने टोला हाणला होता. टोला झकास आहे, पण सामुद्रधुनीतले पाणी काही पिशवीतले नाही. टिऱ्हेनिअन आणि आयोनिअन या दोन समुद्रांच्या भरती-ओहोटीच्या वेळा उलटसुलट असल्याने इथला प्रवाह साधारण सहा तासांनी दिशा बदलतो. मध्यावर तळ एकदम उथळ होतो आणि दोन्ही अंगांना खोल उतरत जातो, त्यामुळे खालचे थंड पाणी उसळून वर येते आणि भोवरे पडतात. होमर दिवसातून तीनदा म्हणतो, तिथे दोनदा हवे होते, यावर जुन्या पंडितांनी शाई खर्च केली आहे. या उसळीबरोबर कधीकधी खोल अंधारातले मासेही वर फेकले जाऊन मेसिनाच्या किनाऱ्यावर पडलेले सापडतात. त्यांत वायपरफिश असतो. लांबी फार तर वीतभर किंवा थोडी अधिक, पण दात इतके लांब की तोंड मिटले तरी ते बाहेरच राहतात.

कॅलाब्रियाच्या बाजूला ज्या कड्याला स्किलेचे घर मानत, तिथे आजही शिल्ला नावाचे कोळ्यांचे गाव आहे आणि तिथे तलवार माशाची शिकार चालते. होडीच्या मध्यभागी उंच डोलकाठीवर टेहळ्या असतो, आणि पुढे लांबवर काढलेल्या निमुळत्या पुलाच्या टोकाशी भालेवाला उभा असतो. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने इतिहासकार पॉलिबिअसच्या आधाराने याच जागेवरच्या, याच माशाच्या शिकारीचे वर्णन दिले आहे, आणि ते 2000 वर्षांहून जुने आहे. सगळ्या होड्यांसाठी उंचावर एकच टेहळ्या. प्रत्येक होडीत दोघे, एक वल्हवणारा आणि एक नाळेवर भाला घेऊन उभा. भाल्याचे टोक मुद्दाम सैल बसवलेले आणि त्याला लांब दोरी. मासा दमेपर्यंत दोरी सोडत राहायचे, मग ओढायचा. भाल्याचा दांडा ओक आणि पाइन अशा दोन लाकडांचा असतो, म्हणजे तो पाण्यात पडला तरी जड ओकचे टोक खाली जाते, दुसरे वर राहते आणि दांडा परत मिळतो. मासा इतका जोरदार की त्याची तलवार होडीची फळी भेदून कधी वल्हवणाऱ्यालाही लागते. पॉलिबिअसचे म्हणणे असे की होमरला ही मासेमारी ठाऊक होती आणि त्याने तीच स्किलेला देऊन टाकली. मला हा तर्क आवडतो, आणि ओडिसीतल्या त्या गळवाल्या कोळ्याच्या उपमेशी तो ज्या रीतीने जुळतो ती रीत आवडत नाही. उंचावरून पाणी न्याहाळणारे, वाट बघणारे, पोटासाठी एकदम झडप घालणारे कोणी तरी त्या कड्यावर खरोखरच होते. माशांच्या बाजूने पाहिले तर स्किला मुळीच कल्पित नाही.

राक्षस समोर येतो तेव्हा खलाशांना सांगावे की सांगू नये, याचे दुसरे उत्तर आपल्या अरबी समुद्रात दिले गेले. इसवी सनपूर्व 325 मध्ये सिकंदराचा सेनापती निआर्कस सिंधूच्या मुखापासून जहाजे घेऊन मकरानच्या किनाऱ्याने इराणच्या आखाताकडे चालला होता. एका पहाटे समोर समुद्रातून पाण्याचे झोत वर उडताना दिसले. वाटाड्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, देवमासे श्वास सोडत आहेत. भूमध्य समुद्रात वाढलेल्या खलाशांच्या हातातून वल्ही गळून पडली. निआर्कस जहाजाजहाजांपाशी जाऊन त्यांना धीर देत गेला, त्याने ताफा युद्धासारखा एका रांगेत लावला आणि सगळ्यांना एकदम आरडाओरडा करत, रणशिंगे फुंकत पुढे जायला सांगितले. देवमासे बुडी मारून खाली गेले आणि जहाजांच्या मागे वर आले, आणि खलाशांनी टाळ्या वाजवल्या. ॲरिअन या इतिहासकाराने ही हकीकत जपली आहे. त्याच मार्गावर एक बेट होते, जिथे राहणारी समुद्रकन्या येणाऱ्या पुरुषांना मासे करून पाण्यात टाकते असे सांगत. एक नौका तिथे नाहीशी झाली म्हणून वाटाडे घाबरले, तेव्हा निआर्कस नाखूश खलाशांना घेऊन स्वतः बेटावर उतरला, हिंडला आणि परत आला. काही झाले नाही. गंमत म्हणजे ॲरिअनला हे आवडलेले नाही. जुन्या कथा खोट्या ठरवत बसणे हा कष्टाचा आणि रिकामटेकडा उद्योग आहे, असे तो कुरकुरतो. मला निआर्कस आवडतो. पण हेही खरे की त्याच्या समोरचा प्राणी माणसे खात नव्हता. रणशिंगाने पळून जाणाऱ्या संकटापुढे खरे बोलणे सोपे असते. ओडिसिअसने सांगितले असते तर काय झाले असते, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. वल्ह्यांवर बसलेल्यांपैकी मी एक आहे असे धरले तर मला कळायला हवे होते असे वाटते, आणि सुकाणू माझ्या हाती आहे असे धरले की जीभ जड होते.

स्किलेला मागे टाकून ते सूर्यदेवाच्या बेटापाशी येतात. बेटाला टाळून पुढे जाऊ, असे ओडिसिअस म्हणतो तेव्हा त्याचा सोबती युरिलोकस उसळून बोलतो: तू लोखंडाचा आहेस, थकलेल्या माणसांना जमिनीवर पाऊलही टेकू देत नाहीस. हे भांडण रात्रीच्या मुक्कामावरून आहे असे दिसते, पण ज्यांच्या शेजारची वल्ही त्याच दिवशी रिकामी झाली होती त्यांच्या तोंडी ते आले आहे. मग ते उतरतात, स्वयंपाक करतात, पोटभर जेवतात, आणि जेवण झाल्यावर त्यांना स्किलेने नेलेल्या सोबत्यांची आठवण येऊन ते रडतात. रडता रडता झोप लागते. पुढे हे सगळे खलाशीही सूर्यदेवाच्या गाई मारल्याच्या पापाने बुडणार आहेत. एकटा ओडिसिअस कॅरिब्डिसवरच्या त्या अंजिराला वटवाघळासारखा लोंबकळून, गिळलेले डोलकाठीचे लाकूड ती परत ओकेपर्यंत टिकून राहणार आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा जाणवली. त्या सहा जणांची नावे होमर देत नाही. छपरावरून दारूच्या नशेत पडून मान मोडलेल्या एल्पेनॉरला नाव आहे, पाताळातून येऊन केलेली विनवणी आहे, चिता आहे, थडग्यावर त्याचे स्वतःचे वल्हे रोवलेले आहे. हे सहा मात्र हाताने आणि ताकदीने सर्वांत उत्तम होते, एवढेच कळते. मरताना त्यांनी त्याचे नाव घेतले. त्याने कथा सांगताना त्यांची घेतली नाहीत. पुढे आपल्या घरी, इथाकाला पोचल्यावर, अथीनी देवीने थांबवून धरलेल्या त्या लांब रात्री, ओडिसिअस आपल्या बायकोला, पेनेलपीला, सगळे सांगतो. कवी त्या कथनाचा सारांश देतो, त्यात कॅरिब्डिस आणि स्किला मिळून जेमतेम दीड ओळीत येतात आणि लगेच पुढच्या ओळीत सूर्यदेवाच्या गाई सुरू होतात.

साऱ्या महाकाव्यात गेलेल्या खलाशांचा जाब एकच माणूस विचारतो, आणि तोही शेवटच्या सर्गात. युपिथीस. पेनेलपीच्या मागे लागलेल्या मस्तवाल अँटिनूसचा हा बाप, म्हणजे कवीच्या लेखी वाईट बाजूचा माणूस. मुलाच्या मृत्यूने तो पेटलेला आहे आणि सूडासाठी लोकांना चिथावतो आहे. पण त्याचे पहिलेच वाक्य मुलाबद्दल नाही. या माणसाने कितीतरी चांगली माणसे जहाजांवर चढवून नेली, असे तो भर सभेत म्हणतो, आणि जहाजे गमावली, माणसेही गमावली. त्यानंतर दोघे जण बोलतात. एक म्हणतो, ओडिसिअसच्या पाठीशी देव उभा होता, मी डोळ्यांनी पाहिला. दुसरा म्हणतो, तुम्ही आपल्या पोरांना वेळीच आवरले नाही. जहाजांवरच्या माणसांविषयी दोघांपैकी कोणीच काही बोलत नाही. निम्म्याहून अधिक लोक आरडाओरडा करत उठतात, शस्त्रे घेतात आणि युपिथीसच्या मागे निघतात. ओडिसिअसचा म्हातारा बाप लाएर्टिस भाला फेकतो, तो युपिथीसच्या शिरस्त्राणातून आरपार जातो, आणि इकडे झ्यूसने आधीच ठरवून टाकलेले असते की इथाकाच्या लोकांना आपली मुले आणि भाऊ मारले गेल्याचा विसर पाडायचा.